देहूच्या मोऱ्यांचा तुकोबा : शेत, सावकारी आणि संसार

तुकाराम महाराज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वीणा, चिपळ्या आणि वैकुंठाला निघालेले विमान येते. कॅलेंडरवरचे चित्रच तसे आहे. पण देहूच्या मोरे घराण्यातला हा माणूस आधी कुणबी होता, दुकानदार होता, थोडाफार सावकारही होता आणि शेवटपर्यंत बायको-मुलांत राहणारा गृहस्थ होता. शेताच्या बांधावर उभे राहून पाहिले तर त्यांचे चरित्र निराळेच दिसते. चाकण, खेड, मावळ, हवेली या आपल्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला ते फार जवळचे वाटावे असे आहे. म्हणून आज संतपण जरा बाजूला ठेवून संसारी तुकोबांविषयी लिहितो. अभंग सगळ्यांना पाठ आहेत, ते इथे देत नाही.

जन्मसालाबद्दल जाणकारांत एकमत नाही. सर्वसाधारणपणे १६०८ हे साल धरतात, काही जण दहा वर्षे मागे जातात. वडील बोल्होबा, आई कनकाई. आई लोहगावची. थोरला भाऊ सावजी, मधले तुकोबा, धाकटा कान्होबा. घराणे मोरे, त्यांनाच आंबिले असेही म्हणत. आठ पिढ्या मागच्या विश्वंभरबुवांपासून घरात पंढरीची वारी आणि देहूत विठ्ठलाचे देऊळ. घरात महाजनकी होती. महाजन म्हणजे पेठेतल्या व्यापारावर देखरेख ठेवणारा वतनदार. शेती होती, दुकान होते, मालवाहतुकीला बैल होते, गावात आणि आसपास उधारी-उसनवारी चालत होती. तेव्हा तुकोबा जन्मजात कंगाल होते हा समज आधी काढून टाकावा. चांगल्या खात्यापित्या घरातला मुलगा होता तो.

बोल्होबांनी वय झाल्यावर कारभार सोपवायचे ठरवले. थोरल्या सावजीचे मन प्रपंचात नव्हते, त्याने नाही म्हटले. त्यामुळे तेरा वर्षांच्या तुकोबांच्या अंगावर दुकान आणि शेत आले. पहिली बायको रखमा दम्याने आजारी असे, म्हणून त्या काळच्या रीतीप्रमाणे पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची मुलगी जिजाई हिच्याशी दुसरे लग्न लावून दिले. हीच आवली. पुढची तीन-चार वर्षे बरी गेली. मग सतराव्या वर्षी आईवडील गेले, त्यानंतर वहिनी वारली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेला तो परतलाच नाही. अठरा वर्षांच्या पोराकडे दोन बायका, धाकटा भाऊ, लहान मूल, गुरेढोरे आणि गावभर पसरलेली येणी. आपल्याकडे बाप अचानक गेल्यावर कॉलेज सोडून शेतीत उतरलेली मुले पाहतो ना, तसेच.

आणि मग १६३० साल उजाडले. पाऊस गेला. त्या वर्षीचा दुष्काळ नुसता मावळातला नव्हता, गुजरातेपासून दख्खनपर्यंत पसरला होता आणि १६३२ पर्यंत त्याची झळ राहिली. शाहजहान बादशहा त्या सुमारास बऱ्हाणपूरला मुक्कामाला होता, त्याच्या दरबारी इतिहासात या दुष्काळाचे वर्णन आहे. त्यातच पुणे परगण्यावर आदिलशाही फौजेची धाड आली. मुरार जगदेवाने पुणे जाळून गाढवाचा नांगर फिरवला तो याच काळात. म्हणजे आभाळही फाटले आणि राज्यही. अशा दुष्काळात पहिल्यांदा चारा संपतो, मग बैल मरतात, आणि पुढच्या वर्षी पाऊस झाला तरी नांगरायला जनावर नसते, पेरायला बियाणे नसते. दुष्काळ एका वर्षाचा असला तरी उठायला तीन वर्षे लागतात ती यामुळे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. पण १९७२ ला निदान खडी फोडायचे काम मिळत होते, सुकडी मिळत होती. १६३० ला ना आणेवारी, ना छावणी, ना कुठले काम. मोठ्या गावातून माणसे उठून जात, वाटेत पडत.

मोऱ्यांचे दुकान बसले. दिलेली उधारी परत येणार कुठून, घेणारेच उपाशी. बैल गेले. दिवाळे निघाले. दाण्याच्या व्यापाऱ्याच्या घरात दाणा उरला नाही. दम्याची रखमा अन्नावाचून गेली आणि तिचा लहानगा संतोबाही गेला. ही गोष्ट कोणा चरित्रकाराने रचलेली नाही, बायको अन्नाअन्ना करीत गेल्याचे तुकोबांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रपर अभंगात नोंदवून ठेवले आहे. १६०८ हे जन्मसाल धरले तर त्या वेळी त्यांचे वय बावीस-तेवीस होते.

यानंतर ते घराबाहेर पडले आणि भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. चाकणच्या पश्चिमेला, शिंदे-वासुलीजवळचा हा डोंगर. आज त्याच्या भोवती कारखान्यांची पत्र्याची छपरे दिसतात. २००८ साली तिथे एका परदेशी रसायन कंपनीचा प्रकल्प यायचा होता, त्याला वारकऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी विरोध केला आणि तो तिथे झाला नाही. त्या विरोधामागे पाण्याची काळजी होती, तशी या डोंगराची आठवणही होती. तर परंपरा सांगते की तुकोबा पंधरा दिवस तिथे होते आणि धाकटा कान्होबा शोधत शोधत वर पोहोचला. दोघे भाऊ खाली इंद्रायणीकाठी आले. तुकोबांनी घरातली सगळी कर्जखते मागवून घेतली.

इथे जे झाले ते तलाठी, ग्रामसेवक आणि सोसायटीचे सचिव यांनी नीट पाहावे असे आहे. तुकोबांनी सगळे कागद घेतले आणि नदीत फेकले, असे आपण ऐकत आलो. पण तसे नाही. कान्होबाने सांगितले की तुम्ही विरक्त झालात, मला लेकरेबाळे आहेत, घर चालवायचे आहे. तेव्हा तुकोबांनी खतांची सरळ दोन हिश्शांत वाटणी केली. अर्धी भावाच्या हातात दिली, ती त्याने वसूल करावीत. आपली अर्धी मात्र इंद्रायणीत बुडवली. भावाच्या हिश्शाच्या एका कागदालाही हात लावला नाही. आज आपल्या पट्ट्यात गुंठ्याचा भाव कुठल्या कुठे गेल्यापासून सख्खे भाऊ वाटणीसाठी कोर्टात उभे आहेत, बहिणींच्या हक्कसोड पत्रावरून राखी बंद झाली आहे. त्या पार्श्वभूमीवर ही वाटणी बघा. दान करायचे ते स्वतःच्या हिश्शातून, एवढा साधा हिशेब त्यात आहे.

कर्जखते बुडवणाऱ्या सावकाराची गोष्ट आपल्याच जिल्ह्यात पुढे उलट्या बाजूनेही घडली. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरातून वह्या आणि खते काढून त्यांची होळी केली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरले. सरकारने चौकशीला आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जमुक्तीचा कायदा करावा लागला. तुकोबांच्या आणि सुप्याच्या गोष्टीत जवळजवळ अडीचशे वर्षांचे अंतर आहे. कागद तोच. एकदा देणेकऱ्याची हालत पाहून सावकाराने आपल्या हाताने पाण्यात सोडला, दुसऱ्यांदा तो ओढून काढून जाळावा लागला.

खते बुडाली तरी तुकोबांनी घर काही सोडले नाही. हे आपल्याकडे नीट सांगितले जात नाही. त्यांनी भगवे घेतले नाही, मठ बांधला नाही. पडझड झालेले वडिलार्जित विठ्ठलाचे देऊळ माती कालवून स्वतः दुरुस्त केले. दिवसा भंडाऱ्यावर नाहीतर शेलारवाडीजवळच्या घोरवडेश्वराच्या डोंगरावर जात आणि रात्री देहूत कीर्तनाला उभे राहत. कान्होबा त्यांच्याबरोबर राहिला. जिजाईला सहा मुले झाली. काशी, भागीरथी, गंगा या मुली आणि महादेव, विठोबा, नारायण हे मुलगे.

आता जिजाईविषयी लिहिल्याशिवाय हा लेख पुढे सरकणार नाही. कीर्तनात तिला तोंडाळ, कजाग बाई म्हणून रंगवतात आणि लोक हसतात. मला ते पटत नाही. पुण्याच्या सुखवस्तू घरातली मुलगी, तिला सवतीचे आणि सवतीच्या लेकराचे मरण पाहावे लागले, येणे असलेले कागद नदीत गेलेले पाहावे लागले. पदरात मुले. घरात दाणा आहे की नाही हे रोज तिलाच बघावे लागणार. विठोबाला तिने शिव्या घातल्या असतील तर त्यात नवल काय? आणि एवढे करून ती रोज भाकरी बांधून भंडाऱ्याचा डोंगर चढत असे, नवऱ्याने खाल्ल्याशिवाय स्वतः खात नसे. एके दिवशी तिच्या पायात काटा मोडला आणि विठ्ठलाने तो काढला अशी कथा आहे. भाविक माणूस ती कथा त्याच्या परीने घेतो. मी त्यात ती रोजची चढण बघतो.

अठराव्या शतकात ताहराबादच्या महिपतींनी संतांची ओवीबद्ध चरित्रे लिहिली. 'भक्तलीलामृत' या १७७४ सालच्या ग्रंथात तुकोबांची हकीकत सविस्तर आहे. महिपती तुकोबांनंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी लिहीत होते, त्यामुळे त्यातले सगळे जसेच्या तसे घडले असे धरू नये. तरी शेतकऱ्याच्या घरातल्या अडीअडचणी त्यांना पक्क्या ठाऊक होत्या.

त्यातली मिठाची गोष्ट पाहा. धंदा बसल्यावर जिजाईने स्वतःच्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून दिले आणि नवऱ्याला मिठाच्या व्यापाराला लावले. तुकोबा बालाघाटाकडे गेले, मीठ विकले आणि अडीचशे रुपये केले. म्हणजे व्यापार जमत नव्हता असे नाही, पन्नास रुपये नफा काढला. पण परतताना वाटेत कर्जापायी अडवलेला एक गरीब माणूस दिसला आणि सगळे अडीचशे त्याच्यासाठी देऊन टाकले. रिकाम्या हाताने घरी आले. या एका ठिकाणी मी जिजाईच्या बाजूने आहे. खते बुडवली ती तुकोबांच्या हिश्शाची होती. हे दोनशे जिजाईच्या शब्दावर आणलेले होते. घरच्या बाईने बचतगटातून नाव लावून पैसे उचलावेत आणि घरधन्याने ते परस्पर देऊन मोकळे व्हावे, असा हा प्रकार. देणारा मोठ्या मनाचा असला तरी हप्ता तिलाच भरायचा असतो.

उसाची गोष्ट तर सर्वांना माहीत आहे. कोणा शेतकऱ्याने उसाची मोळी दिली, वाटेत पोरे भेटली, एकेक कांडे वाटत वाटत घरी पोहोचेपर्यंत एकच ऊस उरला. जिजाईने तोच त्यांच्या पाठीत घातला. ऊस मोडला तसे तुकोबा हसले की बरे झाले, तूच वाटे करून दिलेस. भांडण तिथेच संपले. १९३६ साली प्रभात कंपनीने काढलेल्या 'संत तुकाराम' बोलपटात गौरी नावाच्या नटीने जी जिजाई उभी केली आहे ती म्हशीला हाकणारी, गोवऱ्या-सरपणात वावरणारी खरीखुरी कुणबीण आहे. व्हेनिसच्या महोत्सवातही त्या चित्रपटाचे कौतुक झाले. जिजाई कशी होती हे समजून घ्यायला दहा कीर्तनांपेक्षा तो एक सिनेमा बरा.

म्हशीवरून मंबाजीचे प्रकरण आठवले. लेकीचे हाल बघून आप्पाजी गुळव्यांनी दुभती म्हैस दिली होती. देवळालगत मंबाजी गोसाव्याचा बगीचा होता, म्हैस कुंपण मोडून आत शिरली आणि झाडे खाल्ली. गोसाव्याने शिव्या घातल्या आणि वाटेवर काटेरी फांद्या टाकल्या. एकादशीला येणाऱ्या लोकांच्या पायांत काटे जाऊ नयेत म्हणून तुकोबा ते काढू लागले, तर मंबाजीने त्याच काट्यांनी त्यांना बडवले. जिजाईने रात्री एकेक काटा उपटून काढला. आणि मंबाजी कीर्तनाला आला नाही म्हणून तुकोबा स्वतः त्याला बोलवायला गेले, मारून मारून तुमचे हात दुखले असतील म्हणून त्याचे अंग चेपायला बसले. जनावर शिरल्यावरून आपल्याकडे डोकी फुटतात, पोलीस केस होते. नुकसान म्हशीने केले होते आणि म्हैस आपली होती, ही गोष्ट तुकोबांनी नाकारली नाही.

राखणीची गोष्ट ग्रामपंचायतीच्या लोकांसाठी सांगतो. एका शेतकऱ्याने तुकोबांना महिन्याला अर्धा मण धान्य कबूल करून जोंधळ्याच्या माळ्यावर पाखरे राखायला बसवले. हातात गोफण दिली आणि परगावी गेला. तुकोबांनी गोफण काही चालवली नाही. मालक आला तर पाखरे खुशाल कणसांवर. त्याने पंचांकडे फिर्याद केली. पंचांनी साधारण पीक किती येते त्याचा अंदाज धरून तेवढी भरपाई तुकोबांनी द्यावी असा कागद केला. मळणी झाली तर रास अंदाजापेक्षा जास्त निघाली. ठरल्याप्रमाणे वरचे धान्य तुकोबांचे होते, त्यांनी ते घेतले नाही. देहूचे कुलकर्णी महादजीपंत यांनी ते ठेवून घेऊन देवळाच्या कामाला लावले. पाखरांनी खाल्ल्यावर उतारा वाढतो असे मी कोणत्याही शेतकरी मेळाव्यात सांगणार नाही, तो चमत्काराचा भाग झाला. पण पंचनामा, सरासरी उताऱ्यावर ठरलेली भरपाई, लेखी कागद आणि गावाच्या कामासाठी धान्य जपून ठेवणारा कुलकर्णी, ही गावगाड्याची पद्धत त्यात नेमकी दिसते.

आपल्या चाकणचा माणूसही या चरित्रात आहे. संताजी जगनाडे हे चाकणचे तेली, घाणा चालवणारे. ते तुकोबांच्या टाळकऱ्यांत होते आणि त्यांचे अभंग लिहून घेत. वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या विरोधामुळे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, त्या तेरा दिवसांनी वर आल्या, ही कथा प्रसिद्ध आहे. एकदा कर्जखते आणि एकदा अभंग, दोन्ही त्याच नदीत गेले. अभंग आपल्यापर्यंत आले त्यात संताजींसारख्यांनी जपलेल्या लिखाणाचा मोठा वाटा आहे. त्यांची समाधी सुदुंबऱ्याला आहे, भंडाऱ्यापासून जवळच. पुढे १८६९ साली मुंबई सरकारने पैसे देऊन गाथा छापवून घेतली. तीत शेतीचे शब्द किती आहेत ते कोणीतरी एकदा मोजावे. बी, पेरणी, मोट, खळे, रास, बैल, राखण, सगळे त्यात आहे आणि जाणत्याने वापरावे तसे अचूक वापरले आहे.

मुलींच्या लग्नांची हकीकत महिपतींनी दिली आहे ती ऐकून आजच्या बापाला घाम फुटेल. जिजाई मुलींची वये झाली म्हणून मागे लागली होती. तुकोबा बाहेर पडले, आपल्या जातीतली मुले रस्त्यात खेळत होती, त्यांतली तीन घरी आणली, हळद लावली आणि एकाच दिवशी तिघींची लग्ने उरकली. मुलांच्या बापांना नंतर कळले. मोसे, गाडे आणि जांभूळकर अशी ही तीन घराणी. नदीपलीकडच्या येलवाडीचे गाडे त्यांतलेच. ना हुंडा, ना मानपान, ना कर्ज. बालविवाहाची ती रीत आता कायद्याने बंद आहे आणि तेच योग्य. पण मंगल कार्यालयाच्या बिलासाठी प्लॉट विकणाऱ्या आपल्या पट्ट्याला त्यातला खर्चाचा भाग घेण्यासारखा आहे.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे १६५० च्या मार्चमध्ये, तुकोबा गेले. तीच तुकाराम बीज. त्या वेळी जिजाई गरोदर होती. धाकटा नारायण वडिलांच्या मागे जन्मला. शेत, मुले, नाव आणि देऊळ हे सगळे जिजाईला आणि कान्होबाला सांभाळावे लागले. त्यांनी ते सांभाळले म्हणूनच देहूचे घर टिकले आणि पुढे नारायणबाबांच्या काळात देवस्थानाला छत्रपतींकडून इनामे मिळाली.

वडिलांना कधी न पाहिलेल्या या नारायणबाबांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरीची वारी सुरू केली. खरिपाची पेरणी उरकली की माणसे निघतात. पालखी पहिल्या रात्री देहूतच इनामदार वाड्यात थांबते आणि दुसऱ्या दिवशी निगडीवरून, कारखान्यांच्या भिंतींजवळून, आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते.